ट्रान्सप्लांट यशस्वी झाला, आता दोन्ही खुब्यांत एव्हीएन. कुणाला अनुभव आहे का?

केवडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझ्या दादाला एएलएल होता, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. दोन वर्षांपूर्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला, डोनर मीच. त्याआधी टीबीआय म्हणजे पूर्ण अंगाला रेडिएशन दिलं होतं. नंतर जीव्हीएचडी झाला, म्हणजे माझ्या पेशींनी त्याच्याच शरीराला परकं ठरवून त्वचा आणि आतड्यावर हल्ला चढवला. मग वायसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. डोस कमी केला की जुलाब परत सुरू, की डोस परत वर, असं कितीतरी महिने चाललं. पण निभावलं सगळं. कॅन्सरचे रिपोर्ट स्वच्छ आहेत, दादा ऑफिसला जायला लागला, आम्ही सगळे सुटलो असं समजून बसलो होतो.

मग उजवा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल. फिजिओ झाली, शेक झाला, तेल झालं. नंतर त्याला जेवायला मांडी घालून बसता येईना, मोजे घालताना कळ यायला लागली. शेवटी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी गुडघा सोडून खुब्याचा एमआरआय करायला लावला. दोन्हीकडे एव्हीएन, उजवीकडे जास्त.

वय ३१. एक ऑर्थो म्हणतात दोन्हीकडे ड्रिल करून कोअर डीकंप्रेशन करू. दुसरे म्हणतात पैसे वाया घालवू नका, चालवा जितकं चालतंय तितकं, मग सरळ रिप्लेसमेंट. कुणी ट्रान्सप्लांटनंतर यातून गेलंय का? काय केलंत? टिकलं का? आणि हे असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगत का नाही?

मिसळ_जास्त_तर्री
दादाला शुभेच्छा. एव्हीएन म्हणजे काय ते कुणी सांगेल का, मी आधी एव्हीएम वाचलं आणि चेन्नईचा स्टुडिओ आठवला.

बिनखात्याचा मंत्री
माझाही बाळबोध प्रश्न. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे हाडाचंच ऑपरेशन असतं ना? मग हाड तिथेच बिघडलं असेल. आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांट वेगळा का?

केवडा
@मंत्री, नाही हो, ऑपरेशन वगैरे काही नसतं. आता बहुतेक वेळा हाडाला हातही लावत नाहीत. मला काही दिवस इंजेक्शनं दिली, त्यामुळे हाडाच्या मगजातल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, रक्तात उतरतात, मग एका हाताने रक्त काढून मशीनमधून फिरवून दुसऱ्या हाताने परत. त्या इंजेक्शनांनी माझी कंबर मात्र जाम दुखली होती. पेशंटला ती पिशवी सलाईनसारखी चढवतात, पेशी आपापल्या हाडांत जाऊन बसतात. नावं दोन, काम एकच.

डॉ_आडवाट
ऑर्थोपेडिक्समध्ये आहे. इथे कुणाचेही रिपोर्ट बघून सल्ला देणार नाही, पण प्रकार काय आहे ते लिहितो.

एव्हीएन म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, हाडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरणं. खुबा हा उखळीचा सांधा, त्यातला गोळा म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं. त्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्याच हाडाच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. घाटाच्या टोकाच्या गावाला दिवसातून एकच एसटी असावी आणि तीही बंद पडावी, तसं आहे ते. दुसरी सोय जवळपास नाहीच. स्टिरॉइडमुळे हाडाच्या आतल्या चरबीच्या पेशी फुगतात, आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात किंवा चरबीच्या कणांनी तुंबतात, शिवाय हाडाच्या पेशी थेटही मरतात. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये याच्या जोडीला रेडिएशन, जीव्हीएचडी आणि एएलएलच्या आधीच्या केमोमधले स्टिरॉइड. म्हणजे केवडाताईंच्या दादाकडे सगळीच कारणं हजर होती.

डोनरकडून ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ४ ते १९ टक्के सांगितलंय. खुबा सगळ्यात जास्त, मग गुडघा आणि खांदा. बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत, पण त्यानंतरही दिसतं.

गुडघ्याचं जे झालं ते फार नेहमीचं आहे. खुब्याचं दुखणं जांघेत येतं, मांडीत उतरतं आणि कितीतरी जणांना फक्त गुडघ्यात जाणवतं. पहिल्या स्टेजला खुब्याचा एक्सरेसुद्धा नॉर्मल असतो, एमआरआयमध्येच दिसतं. दुसऱ्या स्टेजला एक्सरेत बदल दिसतात पण गोळा गोल असतो. तिसऱ्यात गोळा खचतो, चौथ्यात सांधाच झिजतो. सगळा निर्णय गोळा खचलाय की नाही यावर. खचायच्या आधी ड्रिल करून आतला दाब कमी करण्यात अर्थ आहे, तेही मेलेला भाग लहान असेल तर. खचल्यावर ड्रिल करून फारसं काही हाती लागत नाही. तुमचे दोन डॉक्टर वेगळं बोलतायत असं वाटतंय, पण कदाचित एक डाव्या खुब्याकडे बघून बोलतायत आणि दुसरे उजव्याकडे. दोन्ही बाजूंची स्टेज वेगवेगळी लिहून मागा.

शेवंता
केवडा, आधी एक घट्ट मिठी.

मी स्वतः ट्रान्सप्लांटवाली, एएमएल होता, तोही ब्लड कॅन्सरच, माझी डोनर बहीण. दोन्ही खुबे बदललेले आहेत आणि आत्ता कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्यापाशी उभी राहून हे टाइप करतेय, त्यामुळे आधी श्वास घे.

माझं उजवीकडे कोअर डीकंप्रेशन झालं होतं. वर्षभर बरं गेलं, मग गोळा खचलाच. डावीकडे ड्रिल करण्याची वेळच गेली होती, कारण मी दुखणं अंगावर काढलं. कॅन्सरमधून उठलेल्या बाईने जांघेत दुखतं म्हणून काय रडायचं, असं घरातले नाही, मीच म्हणायचे. त्यामुळे टिकलं का या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर अर्धं हो अर्धं नाही. पण ते वर्षही मला उपयोगी पडलं, कारण तेवढ्यात स्टिरॉइड पूर्ण सुटले, प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस सुटलं आणि मग मोठं ऑपरेशन कमी धोक्यात झालं. हे कुणी हिशेबात धरत नाही. ड्रिलने सांधा वाचलाच पाहिजे असं नाही, नुसता वेळ मिळाला तरी आमच्यासारख्यांना तो लागतो.

आणि एक, फक्त खुब्यावर थांबू नका. मला ट्रान्सप्लांटनंतर बत्तिसाव्या वर्षी पाळी कायमची बंद झाली. त्याने हाडं वेगळीच पोखरली जातात. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केला तर मणक्याचा टी स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे रीतसर ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ होणं. एव्हीएन वेगळं, हे वेगळं, पेशंट मात्र तोच.

रानजाई
+१ शेवंता. दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ आहे.

अटलांटाकर
"आधी कुणी सांगत का नाही" याबद्दल. मी इकडे ट्रान्सप्लांटच्या फॉलोअप क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ट्रान्सप्लांटनंतरच्या तपासण्यांची जी यादी केली, त्यात डोनरकडून ट्रान्सप्लांट झालेल्या सगळ्यांचा एका वर्षाने डेक्सा करा असं आहे. एव्हीएनसाठी मात्र लक्षणं नसताना सरसकट एमआरआय करा असं नाही. म्हणजे ते पकडायचं तर पेशंटने दुखतंय असं म्हणायला हवं आणि पेशंट तेव्हाच म्हणेल जेव्हा त्याला कुणी सांगितलेलं असेल. इथे डिस्चार्जच्या वेळी जाडजूड फाइल देतात, त्यात हे लिहिलेलं असतं. ती फाइल कोण वाचतं, हा वेगळा मुद्दा.

हाडं विरळ होण्याचा वेग ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या सहा ते बारा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, अंथरुणात पडून राहणं, आतड्यातून कॅल्शियम न शोषलं जाणं, ऊन टाळायला सांगितल्यामुळे डी जीवनसत्त्व कमी, सगळं एकाच वेळी चालू असतं.

केवडा
आम्हाला फाइल नव्हती, एक छापील कागद होता. त्यात काय खायचं नाही तेच होतं. पपनस खाऊ नका असं ठळक अक्षरात होतं आणि कोकणातून मावशीने नेमकी पपनसंच पाठवली होती.

अटलांटाकर
ते मात्र बरोबर आहे. पपनसाने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते.

मिसळ_जास्त_तर्री
आमच्याकडे पपनस फक्त गणपतीत आणि तेही सोलायचं कुणी यावरून भांडण. माहिती नवीन, धन्यवाद.

काकाश्री
माझ्या भाच्याला २०२१ मध्ये कोविडनंतर हेच झालं. तेव्हा मुंबईतल्या पेपरांतही येत होतं की कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या तरुण पोरांचे खुबे जातायत. त्याने पंचकर्म केलं, तिक्तक्षीर बस्ती, सोबत गुग्गुळ आणि हाडजोडीचा काढा. आज चालतोय व्यवस्थित. ऑपरेशनची घाई करू नये. ॲलोपथीवाल्यांना कापाकापीशिवाय काही सुचत नाही.

डॉ_आडवाट
काकाश्री, भाच्याचं छान झालं. पण भाच्याचं रक्त त्याचंच होतं. इथे पेशंटच्या अंगात दुसऱ्याची प्रतिकारशक्ती बसवलेली आहे आणि ती दबलेली राहावी म्हणून औषधं चालू असू शकतात. त्यावर कुठला काढा काय करेल सांगता येत नाही, यकृत तर आधीच थकलेलं असतं. घ्यायचंच असेल तर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवून, लपवून नाही. आणि एव्हीएनचे काही लहान डाग नुसतं वजन कमी टाकूनही वर्षानुवर्षं खचत नाहीत, त्याचं श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं.

काकाश्री
आणि ऑपरेशनने बरं झालं की श्रेय ऑपरेशनला. असो. आम्ही लपवून घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही.

खडूस आजोबा
दोघांचंही खरं आहे, भांडू नका. त्या पोराला आधी घरात कमोडची सोय करून द्या. माझा खुबा पडल्यामुळे बदलला, एव्हीएन नव्हतं, पण उकिडवं बसणं आणि जमिनीवर मांडी दोन्ही बंद. पहिल्या सत्यनारायणाला खुर्चीवर बसून पूजा केली तर भटजी म्हणाले चालतं, देवाला गुडघे दिसत नाहीत.

रानजाई
खिक्क आजोबा!

वेलची
मी थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या, मुलाची आई. त्याचा ट्रान्सप्लांट झाला तेव्हा लहान होता, आता बारावं लागलंय. मुलांमध्ये गोष्ट थोडी वेगळी असते म्हणून लिहिते. थॅलेसेमियात मगज फुगून हाडं मुळातच पातळ झालेली असतात, ट्रान्सप्लांटच्या आधीच. त्याचा डेक्सा केला तर रिपोर्टमध्ये एकदम भयानक आकडा आला आणि मी रात्रभर रडले. नंतर कळलं की मुलांचा टी स्कोअर बघायचाच नसतो, तो तरुण धडधाकट माणसाशी तुलना करून काढतात. मुलांचा झेड स्कोअर, म्हणजे त्यांच्याच वयाच्या मुलांशी तुलना, बघतात आणि तोसुद्धा उंची कमी असेल तर उंचीप्रमाणे जुळवून. मग तो आकडा एवढा भयानक राहिला नाही.

आमच्या डॉक्टरीणबाई दर भेटीला त्याला खाली बसून उठायला लावतात, एका पायावर उभं करतात. दहा वर्षांच्या पुढची मुलं आणि वयात येणारी पोरं यांना एव्हीएनचा धोका लहानग्यांपेक्षा जास्त म्हणे. तो वैतागतो, म्हणतो मी काय पोलीस भरतीला आलोय का.

बिनखात्याचा मंत्री
एक विचारू का. नवीन मगज बसवलं, म्हणजे हाडंही नवीन डोनरची होतात का हळूहळू?

डॉ_आडवाट
मंत्रिसाहेब, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. अर्धी होतात!

हाड सतत मोडत आणि बांधत असतं. मोडणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, या रक्ताच्याच कुळातल्या, म्हणून ट्रान्सप्लांटनंतर त्या डोनरच्या होतात. बांधणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, मात्र बहुतांशी पेशंटच्याच राहतात, त्यांचं मूळ वेगळं आहे. ऑस्टिओपेट्रोसिस नावाचा एक जन्मजात आजार आहे, त्यात मोडणाऱ्या पेशी काम करत नाहीत आणि हाड दगडासारखं घट्ट पण ठिसूळ होतं. तो स्टेम सेल ट्रान्सप्लांटने बरा करता येतो तो याच कारणाने, मोडणारे कामगार डोनरकडून मिळतात.

केवडा
थांबा. म्हणजे दादाच्या अंगात हाडं बांधतोय दादा आणि मोडतेय मी??

मिसळ_जास्त_तर्री
बहीण आहेस, दुसरं काय करणार.

शेवंता
माझ्या बहिणीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली लहानपणी माझी सायकल मोडलीस त्याची परतफेड.

केवडा
दादाला फॉरवर्ड केलं. त्याचं उत्तर आलं, "यंदा राखीला ओवाळणी नाही, भरपाई घेणार." दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसला.

अटलांटाकर
अवांतर सोडून जरा औषधांचं. झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅमचं सलाईन किंवा आठवड्याला अलेंड्रोनेट ७० ची गोळी, ही विरळ हाडांसाठीची औषधं. एव्हीएनमध्येही देतात, पण तिथे पुरावा डळमळीत आहे. तैवानमध्ये २००५ साली एका लहान अभ्यासात अलेंड्रोनेटने गोळा खचणं बरंच टळलेलं दिसलं होतं, मग तिथेच २०१२ मध्ये अनेक हॉस्पिटलांनी मिळून परत केलं तर औषध आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. त्यामुळे कुणी याने एव्हीएन बरा होतो म्हणून सांगितलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

घ्यायच्या आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. किडलेली दाढ काढायची असेल तर आधी काढा. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही. जीव्हीएचडीमध्ये लाळ कमी होते, दात भराभर किडतात, म्हणून आपल्या लोकांनी हे जास्तच पाळायचं. डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही सलाईनच्या आधी तपासून भरून घ्यायचं. आणि डेनोसुमॅब, हे हाडांसाठीचं दुसरं इंजेक्शन, सुरू केलं असेल तर मनाने मध्येच बंद करू नका, बंद केल्यावर मणक्याची फ्रॅक्चर झालेली आहेत.

शेवंता
झोलेड्रॉनिकच्या पहिल्या सलाईननंतर मला दोन दिवस सडकून ताप आणि अंगदुखी. आमच्यासारख्यांना ताप म्हटलं की रात्रीच बॅग भरायची सवय, त्यामुळे घरात पळापळ. आधी सांगितलेलं असतं तर बरं झालं असतं. ताप आला तर डॉक्टरांना फोन करायचाच, पण निदान पोटात गोळा तरी कमी आला असता.

निनावी नाशिककर
आमच्या ओळखीत एकाला एका क्लिनिकने खुब्यात स्टेम सेल इंजेक्शनने गोळा नवा करून देऊ सांगून मोठा खर्च करायला लावला. काही झालं नाही, शेवटी रिप्लेसमेंट. असली इंजेक्शनं पटतात का कुणाला?

डॉ_आडवाट
आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांसाठीचा ट्रान्सप्लांट सोडला तर बाकी स्टेम सेलचे उपचार संशोधनात मोडतात. संशोधन म्हणजे नोंदणी, संमतीपत्र आणि पेशंटकडून पैसे नाहीत. क्लिनिकने आधी बिल दाखवलं तर तिथेच उत्तर मिळालं.

ड्रिल करतानाच पेशंटच्याच कंबरेतलं मगज काढून त्या भोकात सोडतात, तो प्रकार वेगळा, तो काही ऑपरेशनांत करतात. पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं मगज एवढ्या औषधांतून गेलेलं असतं, त्यामुळे इतर पेशंटांवरचे निकाल त्याला तसेच लावता येणार नाहीत.

हिशेबनीस
पैशाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीत बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि हिप रिप्लेसमेंट दोन्ही आहेत. एकदा ट्रान्सप्लांटला मदत घेतली म्हणून खुब्यासाठी अर्ज करायला लाजू नका, विचारायला काय जातं. वेलचीताईंसारख्यांना, म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांच्या ट्रान्सप्लांटसाठी, कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, १० लाखांपर्यंत. आणि २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमती बांधल्या त्या गुडघ्याच्या, त्यामुळे खुब्याचं कोटेशन घेताना इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि किंमत वेगळी लिहून मागा. पॅकेज पॅकेज म्हणून गोल आकडा सांगतात.

वेलची
आम्हाला त्याच योजनेतून मदत मिळाली होती. कागदपत्रं भरपूर लागतात पण होतं काम.

केवडा
सगळ्यांचे खूप आभार. थोडी अपडेट.

डॉ_आडवाट म्हणाले तसं दोन्ही बाजूंची स्टेज वेगळी लिहून मागितली. उजवीकडे गोळ्याखाली चंद्रकोरीसारखी रेघ आलीय, म्हणजे खचायला सुरुवात झालेली. डावीकडे डाग लहान आणि गोळा अजून गोल. म्हणजे दोन्ही ऑर्थो आपापल्या जागी बरोबरच होते, पण ही गोष्ट आम्हाला कुणी एका वाक्यात सांगितली नव्हती. आता डावीकडे कोअर डीकंप्रेशन आणि उजवीकडे दुखणं सहन होईल तोवर थांबायचं, मग रिप्लेसमेंट, असं ठरतंय. ट्रान्सप्लांटचे डॉक्टर म्हणाले जीव्हीएचडी पुन्हा उसळला तर यावेळी वायसोलोन वाढवत न बसता रक्सोलिटिनिब या दुसऱ्या औषधाचा विचार करू.

दादाची काळजी आता एकच आहे, एकतिसाव्या वर्षी बदललेला खुबा किती टिकणार. आणि ऑपरेशनला जाताना आमच्यासारख्यांनी काही वेगळं सांगायचं असतं का?

डॉ_आडवाट
२०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदींवरून आलेलं आहे की दहातले साधारण सहा कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात. त्यात बहुतेक वयस्कर, संधिवाताचे पेशंट आणि जुनी इम्प्लांट. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त झिजवतो, पण आताचं प्लास्टिक आणि सिरॅमिक तेव्हापेक्षा बरंच चांगलं आहे. आयुष्यात एकदा पुन्हा बदलायला लागेल असं धरून चाला.

शेवंता
सांगायचं काय ते मी लिहिते, आम्ही कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला स्टेपल केलं होतं.

रक्त चढवायची वेळ आली तर इरॅडिएटेड, म्हणजे रेडिएशन दिलेलं, रक्तच हवं का, ते ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. साध्या ऑर्थो वॉर्डात हे कुणाच्या डोक्यात नसतं आणि ऐनवेळी सगळ्या ब्लड बँकांत मिळत नाही. डोनर आणि पेशंटचा रक्तगट वेगळा असेल तर आता त्याचा गट बदललेला असेल, जुनं कार्ड दाखवू नका. दुसरं, इतके महिने स्टिरॉइड घेतलेत हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, ऑपरेशनच्या वेळी जादा डोस लागू शकतो. लसी कुठपर्यंत झाल्यात तेही लिहा, ट्रान्सप्लांटनंतर बाळासारख्या सगळ्या परत घ्याव्या लागतात ना. कुबड्या आधीच आणा आणि ऑपरेशनच्या आधी चालायची प्रॅक्टिस करा. माझ्या कुबड्या पडून आहेत, उंची कमी-जास्त होते, हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

केवडा
रक्तगट! त्याचा बी होता, माझा ओ. त्याच्या पाकिटात अजून जुनंच कार्ड आहे, आत्ता काढायला सांगते. व्यनि केलाय शेवंताताई.

खडूस आजोबा
कुबड्यांच्या खालचे रबर नवीन घ्या. जुने फरशीवर घसरतात.